गणित तिचे, तोफ त्याची

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या या व्याख्यानमालेत बोलण्याची संधी मंडळाने मला दिली, याबद्दल मी आरंभीच आपले मनःपूर्वक आभार मानते. विषय निवडण्याची मोकळीकही आपण दिलीत. तिचा लाभ घेऊन मी जरा आडवाटेचा विषय निवडला आहे. युद्धकाळात घरच्या आघाडीवर लष्करी सेवा बजावणाऱ्या स्त्रीविषयी मी आज बोलणार आहे.

रणांगणावर लढलेल्या स्त्रिया आपल्याला अपरिचित नाहीत. महाराणी ताराबाई आणि झाशीची राणी लक्ष्मीबाई यांच्या कथा मराठी मुलांच्या कानांवर फार लवकर पडतात; ते मूल पुण्यात वाढो की पाटण्यात. परंतु आज मी जिच्याविषयी बोलणार आहे, ती राणी नव्हती आणि तिच्या हाती तलवारही नव्हती. ती विशीतली मुलगी होती. कोणी टंकलेखिका, कोणी दुकानातली विक्रेती, कोणी गिरणीकामगार. युद्धाने तिला गणवेश चढवला, तिच्याकडून सैनिकाचे काम करून घेतले आणि युद्ध संपताच तिला घरी पाठवले. तिने नेमके काय केले आणि तिच्या कामाची नोंद कोणत्या शब्दांत झाली, या दोन प्रश्नांभोवती माझे आजचे विवेचन राहील.

पूर्वीच्या काळी लढाई सरहद्दीवर होई आणि गाव मागे राही. विमानाने हा भेद पुसून टाकला. १९४० च्या सप्टेंबरात जर्मन विमानांनी लंडनवर रात्रंदिवस बाँबवर्षाव सुरू केला. पुढच्या आठ-नऊ महिन्यांत ब्रिटनमध्ये चाळीस हजारांहून अधिक नागरिक मृत्युमुखी पडले. ज्या गल्लीत सकाळी दूधवाला येई, तीच गल्ली रात्री रणभूमी होऊ लागली. घर आणि आघाडी यांतले अंतर असे उरलेच नाही, तेव्हा घर सांभाळणारीला आघाडीपासून दूर ठेवणार तरी कसे? ब्रिटनचे उदाहरण मी मुद्दाम घेत आहे. एक तर तेथील स्त्रियांच्या या सेवेची कागदपत्रे विपुल आहेत. आणि दुसरे म्हणजे आपल्या देशात १९४२ साली जे स्त्रियांचे सेनादल उभे राहिले, त्याचा साचा तिथलाच होता. त्या दलाकडे मी उत्तरार्धात येणारच आहे.

ब्रिटनमध्ये ९ सप्टेंबर १९३८ रोजी, म्हणजे युद्धाला तोंड फुटण्यापूर्वी एक वर्ष, ‘ऑक्झिलरी टेरिटोरियल सर्व्हिस’ हे स्त्रियांचे साहाय्यक दल स्थापन झाले. त्याच्या आद्याक्षरांवरून त्याला सर्वत्र ‘एटीएस’ म्हणत. त्याच्या पहिल्या संचालिका डेम हेलन ग्विन-व्हॉन या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. बुरशी हा त्यांच्या संशोधनाचा विषय. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील स्त्रीसेवकांच्या दलाचे नेतृत्व त्यांनी केले होते. प्रारंभी या दलाकडे स्वयंपाक, कारकुनी, भांडारव्यवस्था, दूरध्वनी आणि मोटारी चालवणे अशी कामे होती. थोडक्यात, घरात आणि कचेरीत स्त्री जे करीतच होती, तेच काम तिने खाकी कपड्यांत करावे, अशी योजकांची अपेक्षा होती.

मनुष्यबळाच्या टंचाईने ही अपेक्षा मोडून काढली. १९४१ च्या एप्रिलमध्ये या दलाला लष्करी दर्जा मिळाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पार्लमेंटने कायदा करून वीस ते तीस वर्षे वयाच्या अविवाहित स्त्रिया आणि अपत्यहीन विधवा यांना राष्ट्रीय सेवा सक्तीची केली. सेनादले, नागरी संरक्षण आणि युद्धोपयोगी उद्योग यांपैकी त्यांनी निवड करायची होती. या कायद्यातील एका तरतुदीकडे मी आपले लक्ष वेधू इच्छिते. प्राणघातक शस्त्र वापरण्याची सक्ती कोणत्याही स्त्रीवर करता येणार नाही. तिने तशी लेखी संमती दिली असेल तरच ते तिच्या हाती देता येईल, असे कायदा म्हणत होता. पुरुषाला असे कोणी विचारले नव्हते. तरतुदीचा हेतू दयेचा होता हे मान्य करूनही एक गोष्ट ध्यानात येते: स्त्रीचा जीव धोक्यात घालायला तिची लेखी संमती लागत नव्हती; तिने दुसऱ्याचा जीव घ्यायचा असेल तर मात्र ती लागत होती.

या कायद्याची कसोटी लागली ती विमानविरोधी तोफांच्या तळांवर. ब्रिटनच्या विमानविरोधी दलाचे प्रमुख जनरल फ्रेडरिक पाइल हे व्यवहारी वृत्तीचे अधिकारी होते. युद्धापूर्वीच, १९३८ साली, त्यांनी कॅरोलाइन हॅस्लेट या अभियंता स्त्रीला आपले तळ दाखवून सल्ला विचारला होता. तोफगोळे उचलण्याचे जड काम वगळता बाकी सर्व कामे स्त्रिया करू शकतील, असा अभिप्राय त्यांनी दिला. तो अमलात येण्यास तीन वर्षे लागली. १९४१ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या रिचमंड पार्कमध्ये स्त्री-पुरुषांची पहिली मिश्र तोफतुकडी प्रत्यक्ष कामाला लागली.

अशा तुकडीचे काम कसे चाले, हे थोडे समजून घेतले पाहिजे. कारण सारा मुद्दा तिथेच आहे. आकाशातल्या विमानावर तोफ डागताना नेम विमानावर धरून चालत नाही. ताशी चारशे किलोमीटर वेगाने जाणारे विमान पंधरा सेकंदांत दीड किलोमीटरहून अधिक पुढे सरकते, आणि उंचावरच्या विमानापर्यंत पोहोचायला गोळ्यालाही सेकंदच लागतात. म्हणून विमान आता कोठे आहे यापेक्षा गोळा वर पोहोचेल तेव्हा ते कोठे असेल, हे आधी काढावे लागते. एक मुलगी दुर्बिणीतून विमान आपले की शत्रूचे ते ओळखी. दुसऱ्या काही जणी लांबलचक उंचीमापक यंत्रावर विमानाची उंची आणि अंतर मोजत. तिसऱ्या गटाकडे ‘प्रेडिक्टर’ नावाचे पेटीसारखे गणनयंत्र असे. त्याच्या दुर्बिणींत विमान सतत मध्यावर धरून, चाके हलक्या हाताने फिरवीत राहिले की ते यंत्र तोफेची दिशा, तिचा कोन आणि गोळा किती वेळाने फुटावा ते सांगे. रात्री ढगांआडच्या विमानाचा माग रडारवर काढला जाई. तेथेही स्त्रियाच असत. हे आकडे तोफेपर्यंत पोहोचत. तिथे उभे असलेले पुरुष गोळा भरत आणि तोफ डागत.

गणित तिचे होते आणि तोफ त्याची होती. तिचे एखादे चाक जरासे चुकले तर गोळा आभाळात वाया जाई. म्हणजे विमान पाडण्यात तिचा वाटा तोफेजवळच्या पुरुषाइतकाच होता. तरीही तोफेचा शेवटचा झटका देण्याची परवानगी तिला नव्हती. आणि तेवढ्याच कारणाने तो ‘लढणारा’ आणि ती ‘साहाय्यक’ ठरे. तिच्यावर हुकूम तोफखान्याच्या अधिकाऱ्यांचा चाले, परंतु तिचे नाव राही ते साहाय्यक दलाच्या पटावर. समान हुद्द्याच्या पुरुषाच्या वेतनाच्या दोनतृतीयांश इतकेच वेतन तिला मिळे.

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी प्रत्येकाने घरी पूजा पाहिली आहे. आदल्या दिवसापासून घर सारवायचे, सोवळ्यात नैवेद्य रांधायचा, फुले, दूर्वा, अक्षता तबकात मांडायच्या. हे सारे ती करते. मग यजमान संकल्प सोडतात आणि गुरुजी तिला सांगतात, “तुम्ही त्यांच्या हाताला हात लावा.” कर्म घडते ते यजमानाच्या नावे. विमानविरोधी तळावर त्या मुलीने युद्ध संपेपर्यंत जे केले, ते मला या हाताला हात लावण्यासारखेच वाटते. फरक इतकाच, की तिथे वरून बाँब पडत होते, आणि बाँब यजमान कोण ते पाहत नव्हता.

तळावरचे जीवन सोपे नव्हते. शहराबाहेरच्या उघड्या माळावर पन्हाळी पत्र्याच्या अर्धगोल बराकी असत. मध्यभागी एक कोळशाची शेगडी. तिची ऊब दोन-चार खाटांपलीकडे पोहोचत नसे. रात्री भोंगा वाजला की अंगातल्या पायजम्यावरच जाड कोट आणि डोक्यावर लोखंडी टोप घालून धावायचे. १९४२ च्या अखेरीस सर्चलाइटची एक संपूर्ण रेजिमेंट जवळजवळ केवळ स्त्रियांनी चालवायला घेतली. विमानाला प्रकाशाच्या झोतात पकडायचे म्हणजे आपली जागा शत्रूला दाखवून द्यायची. त्या झोताच्या दिशेने खाली गोळ्या येत. आणि अशा तळांवर रात्रीचा पहारा करणाऱ्या मुलींच्या हाती काय असे? बंदूक नव्हे, कुदळीचा लाकडी दांडा.

१९४२ च्या एप्रिलमध्ये नोरा केव्हनी ही अठरा वर्षांची मुलगी प्रेडिक्टरवर काम करीत असता बाँबचा तुकडा लागून मरण पावली. ती कोसळताच दुसरीने तिची जागा घेतली आणि काम पुढे चालू राहिले. विमानविरोधी तळावर कर्तव्य बजावताना मृत्यू आलेली ती या दलातील पहिली स्त्री होय. पुढच्या वर्षी, ११ मे १९४३ रोजी, ग्रेट यारमथ या किनाऱ्यावरच्या गावी दलाच्या निवासावर बाँब पडला आणि एकाच घरात सव्वीस जणी ठार झाल्या. युद्ध ऐन भरात असताना या दलात दोन लाखांहून अधिक स्त्रिया होत्या आणि त्यांतल्या पन्नास हजारांहून अधिक विमानविरोधी दलात होत्या.

शत्रूच्या बाँबइतकेच या मुलींना लोकापवादालाही तोंड द्यावे लागले. परक्या पुरुषांसमवेत रात्री-बेरात्री एका तळावर राहणारी मुलगी म्हटली की लोकांच्या जिभा सैल सुटतात. याला कोणताही देश अपवाद नाही. बापांनी मुलींना मनाई केली, सैनिकांनी आपल्या बहिणींना पत्रे लिहून अडवले. अखेर सरकारला व्हायोलेट मार्कहॅम यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. समितीने १९४२ साली अहवाल दिला आणि या कुजबुजीला आधार नसल्याचे स्पष्ट केले. इकडे सरकारचेही धोरण विचित्रच होते. एब्रम गेम्स या चित्रकाराने या दलाच्या भरतीसाठी काढलेले एक भित्तिचित्र, त्यातली मुलगी फार मोहक दिसते, म्हणून मागे घेण्यात आले. मुली तर हव्या होत्या, पण त्या कशा दिसाव्यात याचा निर्णय मात्र दुसरेच करीत होते.

आता आपल्या देशाकडे वळू या. १९४२ च्या वसंतात जपानी सैन्य ब्रह्मदेशातून पुढे सरकत होते. ६ एप्रिल रोजी विशाखापट्टणम आणि काकिनाडा येथे जपानी बाँब पडले. घरची आघाडी आपल्याही दाराशी येऊन ठेपली. याच सुमारास ‘विमेन्स ऑक्झिलरी कोअर, इंडिया’ हे दल स्थापन झाले. येथे सक्ती नव्हती. येणारी प्रत्येक जण स्वेच्छेने येत होती. सांकेतिक संदेशांची उकल, दूरध्वनी, टंकलेखन, हिशेब, भांडार, मोटारी चालवणे, हवाई संरक्षणाच्या कक्षात नकाशावर विमानांच्या हालचाली मांडणे, अशी कामे त्यांनी केली. १९४४ मध्ये या दलाची नौदल शाखा निघाली. दलाची एकूण संख्या सुमारे साडेअकरा हजारांवर गेली. त्यांत अँग्लो-इंडियन, युरोपियन आणि भारतीय ख्रिस्ती मुलींचे प्रमाण मोठे होते. पण हिंदू, मुसलमान, पारशी घरांतल्या मुलीही होत्या. भारतीय मुलींसाठी खाकी साडी हाही गणवेश मान्य झाला होता. नौदल शाखेच्या सेकंड ऑफिसर कल्याणी सेन १९४५ साली ब्रिटनला गेल्या; त्या देशाला भेट देणाऱ्या त्या पहिल्या भारतीय सैनिक स्त्री होत.

परंतु ब्रिटिश मुलीपुढे नसलेला एक पेच भारतीय मुलीपुढे होता. ती स्वतःच्या देशासाठी लढत होती; ही कोणासाठी? ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर अरुणा असफअली यांनी तिरंगा फडकवला. त्याच शहरात उषा मेहता आणि त्यांचे सहकारी भूमिगत काँग्रेस रेडिओ चालवीत होते. पुढच्या वर्षी सिंगापुरात नेताजींनी राणी झाशी रेजिमेंट उभारली आणि तिचे नेतृत्व कॅप्टन लक्ष्मी यांच्याकडे दिले. एका पिढीतल्या मुलींपुढे हे निरनिराळे मार्ग एकाच वेळी खुले झाले. पहिल्या दोन वाटांवरून गेलेल्या आणि सिंगापुरातल्या त्या मुलींना आपण वंदन करतो आणि ते योग्यच आहे. खाकी साडी नेसून टपालकचेरीएवढ्या खोलीत संदेशांची उकल करणाऱ्या मुलीला मात्र कोणीच आपले म्हटले नाही. साम्राज्याच्या लेखी ती साहाय्यक होती, आणि स्वतंत्र देशाच्या लेखी ती साम्राज्याची चाकर ठरली.

तिच्याविषयी न्यायबुद्धीने बोलायचे तर काही गोष्टी विसरून चालणार नाही. ती युद्धाची महागाई होती. धान्य आणि कापड दोन्ही दुर्मीळ झाले होते, आणि अनेक घरांना तिच्या पगाराचा आधार असावा. त्याच सैन्यात पंचवीस लाखांच्या आसपास भारतीय पुरुष भरती झाले होते. त्यांतले अनेक जण पुढे स्वतंत्र भारताच्या सेनेत राहिले, चढत गेले, सन्मानाने निवृत्त झाले. साम्राज्याच्या चाकरीचा ठपका त्यांच्यावर कायमचा बसला नाही. सैन्याबरोबर पुरुषाची सेवा नव्या राष्ट्राने वारसा म्हणून स्वीकारली. स्त्रियांचे दल मात्र १९४७ साली बरखास्त झाले आणि त्याचा वारसा सांगायला संस्थाच उरली नाही. ज्या सेवेमागे संस्था नाही तिच्या स्मृतीला घर नाही.

ब्रिटनमध्ये याउलट घडले. १९४९ साली एटीएसच्या जागी स्त्रियांचे कायम सेनादल आले आणि निदान सातत्य राहिले. आपल्याकडे १९५० च्या सेना कायद्याच्या बाराव्या कलमाने, केंद्र सरकार अधिसूचनेने नेमून देईल तेवढ्या विभागांखेरीज, स्त्रियांना सेनेचे दार बंद केले. डॉक्टर आणि परिचारिका आत होत्या. बाकीच्यांना वाट पाहावी लागली ती १९९२ पर्यंत. त्या वर्षी निवडक शाखांत आणि मर्यादित मुदतीसाठी स्त्री-अधिकाऱ्यांची नेमणूक सुरू झाली. पुढे कायम नेमणुकीचा प्रश्न न्यायालयात गेला. पुरुष जवान स्त्रीचा हुकूम मानायला मनाने तयार नाहीत, असाही युक्तिवाद तेथे झाला. १७ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि कायम नेमणुकीचा हक्क मान्य केला. २०२३ च्या एप्रिलमध्ये चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीतून पाच तरुणी भारतीय तोफखान्यात अधिकारी म्हणून दाखल झाल्या. ३० मे २०२५ रोजी पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून सतरा मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. रिचमंड पार्कमधल्या त्या मुलीपासून चेन्नईच्या या पाच जणींपर्यंत, गणित आणि तोफ एका हाती यायला ब्याऐंशी वर्षे लागली.

लंडनमध्ये व्हाइटहॉलच्या रस्त्यावर २००५ साली दुसऱ्या महायुद्धातील स्त्रियांचे स्मारक उभे राहिले. त्या ब्राँझच्या शिल्पात एकही चेहरा नाही. खुंट्यांवर टांगलेले सतरा पोशाख आहेत: सैनिकांचे, परिचारिकेचे, कामगारांचे. काम संपवून, कपडे उतरवून ठेवून जणू सगळ्या जणी घरी निघून गेल्या आहेत. मला हे शिल्प फार खरे वाटते. आणि त्याच वेळी असेही वाटते, की आपल्या देशात तेवढ्या खुंट्याही आपण ठोकल्या नाहीत.

हे काम सरकारच करील असे समजून आपण स्वस्थ बसू नये. महाराष्ट्राबाहेर मराठी कुटुंबे विखुरली ती रेल्वेमुळे, टपालखात्यामुळे, आणि पुष्कळशी लष्करी छावण्या, हिशेबखाती आणि शस्त्रागारे यांमुळे. ज्या घरांचा लष्कराशी असा संबंध आला, त्या घरांतली एखादी आत्या, मावशी किंवा आजी त्या काळी ‘लढाईच्या हापिसात’ जात होती का, याची चौकशी करायला फार दूर जावे लागणार नाही. जुन्या ट्रंकेत एखादे पितळी बिल्ले, सेवेचे प्रमाणपत्र, वेतनाचे पुस्तक, समूहाचे छायाचित्र सापडेल. ते रद्दीत देऊ नका. मागे नाव लिहा, साल लिहा, गाव लिहा. मंडळाने पन्नास वर्षे आपली इतिवृत्ते आणि सभासदांच्या वह्या जपल्या. त्यांच्याच कपाटात एक कप्पा या कागदांसाठी राखून ठेवावा, अशी मी कार्यकारिणीला विनंती करते. छायाचित्रातल्या मुलीने कोणते काम केले, एवढे एक वाक्य तिच्या नावापुढे लिहिले गेले, तरी ‘साहाय्यक’ या शब्दाखाली दडलेले पुष्कळ काही उजेडात येईल.